अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचं पान

ज्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनला सर्च बॉक्स लागतो तिची मांडणी फसलेली असते, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. नव्या मुलांना मी ते शिकवायचे, मीटिंगमध्ये त्यावरून भांडायचे. मांडणी तर्कशुद्ध असेल तर माणूस पायरीपायरीने उतरत बरोबर जागी पोचतो; सर्च ही आळशी लेखकाची पळवाट, असा एकूण सिद्धान्त. आता मी तो मानत नाही. का मानत नाही ते लिहितेय, कारण आमच्या व्यवसायातली अनेक नीटनेटकी, कष्टाळू माणसं अजून तो मानतात आणि त्यापायी बरीच मेहनत भलत्या जागी खर्च होते.

या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द. सॉफ्टवेअरमधली लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेली, आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारी फंक्शन्स. तिच्या रेफरन्स डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक फंक्शनची नोंद असते: ते काय घेतं, काय परत देतं, कशावर अडतं. पहिल्या पानापासून हे कोणी वाचत नाही. प्रोग्रॅमर अर्धी ओळ लिहून थांबलेला असतो, त्याला एकच गोष्ट हवी असते, ती मिळाली की तो निघून जातो. मी पुण्यातल्या एका कंपनीत हीच पानं लिहिते. त्याआधी जावा या भाषेत कोड लिहायचे.

माझं मत जावामुळेच बनलं होतं. जावाडॉक हे साधन जावाबरोबर १९९६पासून आहे. कोडमध्ये विशिष्ट पद्धतीने लिहिलेल्या टिप्पण्या उचलून ते स्वतःच डॉक्युमेंटेशनची पानं तयार करतं. जावात फंक्शन्स क्लासमध्ये असतात, त्यांना मेथड म्हणतात, आणि क्लास पॅकेजमध्ये गटागटाने ठेवलेले असतात. मी शिकले तेव्हा जावाडॉकच्या तीन चौकटी असत. डावीकडे वर पॅकेजेसची यादी, तिच्याखाली निवडलेल्या पॅकेजमधले क्लास, आणि उजवीकडच्या मोठ्या चौकटीत निवडलेल्या क्लासची सगळी माहिती. वरून खाली, मोठ्यातून लहानात. मला ती रचना फार देखणी वाटायची. त्यात सर्च नव्हता. तो आला थेट २०१७ साली, जावा ९ बरोबर. एवढी प्रचंड वापरली जाणारी लायब्ररी वीसेक वर्षं सर्चशिवाय चालली, हा वादातला माझा हुकमी पत्ता.

पण वीस वर्षं लोक चौकटींतून उतरत होते, हे मी गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात ते गूगलला विचारत आणि तिथून थेट एखाद्या क्लासच्या पानावर येऊन पडत. तिथे डावीकडच्या याद्या नसत, कारण चौकट नसे; वरच्या बाजूला चौकटी आणण्याची एक बारीकशी लिंक तेवढी असे. आणि जो शिस्तीने चौकटींतून फिरे त्याची वेगळी पंचाईत: चौकटीतलं पान बदललं तरी ब्राउझरमधला पत्ता तोच राहतो, त्यामुळे सापडलेली मेथड सहकाऱ्याला पाठवायची तर लिंक मिळत नसे. ‘अमुक पॅकेजमध्ये जा, खाली तमुक क्लास, त्यात सातवी-आठवी मेथड’ असं फोनवर सांगितल्याचं माझ्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल. जावा ११ मध्ये चौकटी आपोआप यायच्या बंद झाल्या, १३ मध्ये ती सोयच काढून टाकली. मी तेव्हा हळहळले होते, हेही सांगून टाकते.

शिवाय ज्या वर्गीकरणाचं मला एवढं कौतुक, ते तरी कितपत तर्कशुद्ध होतं? ‘जावा.युटिल’ या पॅकेजमध्ये याद्या ठेवायचे क्लास आहेत, तारखेचा ‘डेट’ आहे, यादृच्छिक आकडे देणारा ‘रँडम’ आहे आणि भाषा-प्रदेश सांगणारा ‘लोकॅल’सुद्धा आहे. त्यांचं एकमेकांशी नातं इतकंच की त्यांना दुसरीकडे घर मिळालं नाही. फाइल काढून टाकायची तर ‘जावा.आयओ’मधल्या ‘फाइल’ क्लासमध्ये एक मेथड आहे आणि ‘जावा.एनआयओ.फाइल’मधल्या ‘फाइल्स’ क्लासमध्ये दुसरी. का, तर ते वर्गीकरण लायब्ररी कशी वाढत गेली याचा इतिहास सांगतं. लेखकांना तो इतिहास पाठ असतो, म्हणून त्यांना सगळं जागच्या जागी दिसतं. मलाही दिसायचं.

पीएचपी या दुसऱ्या भाषेला आम्ही जावावाले हसायचो. हसायला जागा होती. एखाद्या गोष्टीत काही शोधायचं असेल तर काय शोधायचं ते आधी लिहायचं की कशात शोधायचं ते, हे तिथे फंक्शनगणिक बदलतं. ‘स्ट्रपॉस’मध्ये एक क्रम, ‘इन_अरे’मध्ये बरोबर उलटा. साहजिकच पीएचपीवाल्याला उठसूट मॅन्युअल उघडावं लागतं, आणि कदाचित म्हणूनच ते उघडणं त्यांनी इतकं सोपं करून ठेवलं असावं. साइटचा पत्ता लिहायचा, तिरपी रेघ मारायची, पुढे फंक्शनचं नाव टाकायचं, पान समोर. नाव चुकलं तर जवळपासची नावं दिसतात. प्रत्येक फंक्शनला स्वतःचं पान, आणि पानाचा पत्ता पाठ करायची गरजच नाही, कारण पत्ता म्हणजे नावच.

याच मॅन्युअलमध्ये ‘डिलीट’ नावाचं एक पान आहे. पीएचपीमध्ये ‘डिलीट’ असं फंक्शनच नाही. फाइल काढायला ‘अनलिंक’ वापरतात आणि व्हेरिएबल काढायला ‘अनसेट’. पान सांगतं तेही इतकंच: असं फंक्शन या भाषेत नाही, फाइलसाठी आलात तर इकडे जा, व्हेरिएबलसाठी आलात तर तिकडे. म्हणजे ही नोंद चुकीच्या जागी शोधणाऱ्यांसाठीच आहे. जे नाही त्याचं डॉक्युमेंटेशन! मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पीएचपीच्या गबाळेपणाचा आणखी एक नमुना म्हणून मित्रांना पाठवलं.

त्या पानाकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागले ती आमच्याच ऑफिसात. आमची लायब्ररी हिशेबाची आहे. कर्ज, व्याज, कर, चलन यांची फंक्शन्स तिच्यात आहेत आणि बाहेरच्या कंपन्यांचे प्रोग्रॅमर ती वापरतात. तिचं वर्गीकरण मी केलेलं, मला अभिमान असलेलं. एकदा सपोर्टला बसणारा, जळगावकडचा एक नवा मुलगा माझ्या टेबलाशी आला.

“मॅडम, ईएमआय कुठंच सापडत नाहीये.”

“अमॉर्टायझेशनमध्ये बघ ना. लेंडिंग, त्याच्या आत शेड्यूल्स, त्याच्या आत.”

“ते आता तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. ज्यानं तक्रारीचं तिकीट टाकलंय त्याला कसं कळणार?”

यावर माझ्याकडे उत्तर होतं: ज्याला कर्जाचं गणित येतं त्याला अमॉर्टायझेशन (कर्जाची हप्त्याहप्त्याने फेड) हा शब्द माहीत असायला हवा. पण ते त्या मुलाच्या तोंडावर म्हणवेना. त्यालाही ते गणित येत होतं. शब्द तेवढा त्याच्या रोजच्या बोलण्यातला नव्हता. भारतात कर्ज घेणारा, देणारा, वसूल करणारा, सगळेच ईएमआय म्हणतात. आणि आमच्या संपूर्ण डॉक्युमेंटेशनमध्ये ती तीन अक्षरं एकदाही आलेली नव्हती.

मग मी साइटवरच्या सर्चचा लॉग मागवला. सर्च मी नाइलाजाने ठेवू दिला होता आणि त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यात लोकांनी टाकलेले आणि एकही निकाल न मिळालेले शब्द वेगळे काढले. ईएमआय वर होताच. जीएसटी होता, कारण लायब्ररी २०१७च्या जुलैच्या आधीची, आणि करांचं सगळं ‘इनडायरेक्ट टॅक्स’ या नावाखाली बसवलेलं. राउंड ऑफ होता, आणि इथे आम्ही एकटे नव्हतो. पायथन भाषेच्या ‘डेसिमल’ मॉड्यूलमध्येही रक्कम दोन दशांशांपर्यंत आणायची मेथड ‘क्वांटाइझ’ या नावाने आहे, जे नाव ती आधीच माहीत असल्याखेरीज कोणाला सुचणार नाही. ती यादी वाचताना मला पहिल्यांदा माझे वाचक बोलताना ऐकू आले. त्यातली बहुतेक फंक्शन्स आमच्याकडे होती, नीट लिहिलेली होती, योग्य शाखेत होती. ती सापडत नव्हती, एवढंच.

याचा अभ्यास फार पूर्वी झालेला आहे. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. लोकांना वेगवेगळ्या वस्तूंना, कृतींना आपल्या मनाने नाव द्यायला सांगितलं, तर दोन माणसं एकच शब्द निवडतील अशी शक्यता प्रत्येक प्रयोगात २० टक्क्यांहून कमी भरली. म्हणजे लेखकाने कितीही विचारपूर्वक नाव ठेवलं तरी बहुतेक वाचकांच्या मनात पहिल्यांदा दुसरंच नाव येणार. लेखकांचा उपाय असा की उत्तम नाव शोधत बसू नका. एका गोष्टीकडे जाणारी पुष्कळ नावं ठेवा. मी उत्तम नाव शोधण्यात कारकीर्द घालवत होते.

त्याहून जुनं उदाहरण युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं. त्याच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुढच्या छापील आवृत्त्यांमध्ये एक अजब अनुक्रमणिका असे. प्रत्येक फंक्शनची एका ओळीची ओळख घ्यायची आणि तिच्यातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द आळीपाळीने मध्यावर आणून तो वर्णानुक्रमाने लावायचा. ही युक्ती मुळात आयबीएमच्या हान्स पीटर लून यांची, १९५०च्या दशकाच्या अखेरची. १९७९च्या सातव्या आवृत्तीत ‘अनलिंक’ची ओळख ‘डिरेक्टरीतली नोंद काढणे’ अशा अर्थाची आहे. तेव्हा ते फंक्शन ‘डिरेक्टरी’खाली सापडे, ‘एंट्री’खाली सापडे आणि ‘रिमूव्ह’खालीही. ‘डिलीट’खाली मात्र नाही, कारण तो शब्द त्या ओळीत नव्हता. जावाडॉकचीही वर्णानुक्रमणिका आहे, पण तिच्यात लेखकाने ठेवलेलीच नावं येतात. युनिक्सवाल्यांच्या यादीत निदान वर्णनातले शब्द येत. त्यामुळे त्या एका ओळीत कोणते शब्द घालायचे याला मोल आलं.

माझी मावशी कॉलेजच्या ग्रंथालयात होती. तिला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, मग तुम्ही ‘पहा’ कार्डं करत नव्हता?” मराठी ग्रंथालयाचं त्याशिवाय चालतच नाही. शिरवाडकर हवे असलेला वाचक कुसुमाग्रजांकडे जातो, गडकऱ्यांची कविता मागणारा गोविंदाग्रज म्हणतो, आणि ग्रेस हे माणिक गोडघाटे हे ज्याला माहीत नाही त्यालाही पुस्तक मिळालं पाहिजे. म्हणून कपाटाच्या खणात एका नावाचं खरं कार्ड आणि दुसऱ्या नावाचं ‘पहा’ कार्ड. ज्या कार्डामागे पुस्तकच नाही असं कार्ड. पीएचपीचं ‘डिलीट’ हे पान तेच आहे. मावशीनेच ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची आठवण करून दिली. १९३१च्या त्यांच्या पाच सूत्रांमधलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. आणि मला जास्त लागलं ते हे, की द्विबिंदू वर्गीकरणासारखी काटेकोर पद्धत रचणाऱ्या या माणसाने त्या वर्गीकरणापासून वर्णानुक्रमी निर्देश तयार करण्याची पद्धतही स्वतःच घालून दिली. वर्गीकरण कितीही चोख असलं तरी वाचक त्यातून आपोआप वाट काढेल, असं त्यांनी मानलं नाही.

यानंतर आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आम्ही जे बदललं ते दिसायला किरकोळ आहे. डावीकडचं वर्गीकरणाचं झाड जसंच्या तसं ठेवलं. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ नव्याने लिहिली, कारण याद्यांमध्ये आणि सर्चच्या निकालांमध्ये तीच दिसते. अमॉर्टायझेशनच्या पहिल्या ओळीत आता लोन, इन्स्टॉलमेंट आणि ईएमआय हे तिन्ही शब्द आहेत. वाचायला ती ओळ पूर्वीइतकी सुबक राहिली नाही. प्रत्येक मेथडला तिचा स्वतःचा, न बदलणारा पत्ता दिला. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच पत्ते बदलू नका म्हणून बजावलं होतं, पण नवीन व्हर्जन आलं की जुने पत्ते मोडायचे ही सवय या क्षेत्रात अजून सर्रास आहे. प्रत्येक पानाच्या माथ्यावर हे कोणतं व्हर्जन आणि नवीन कुठे आहे ते लिहिलं, कारण शोधयंत्रं कित्येकदा जुनंच पान वर आणतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेजाऱ्यांवर. म्हणजे या पानावर चुकून आलेल्याला खरं तर काय हवं असेल, ते. नमपाय या गणिताच्या लायब्ररीने हे फार चांगलं केलंय. तिथे प्रत्येक फंक्शनला वेगळं पान आहे आणि ‘हेही पहा’ हा भाग लिहिण्याची ठरलेली पद्धत आहे. दोन ॲरे जोडायचे म्हणून कोणी ‘कॉन्कॅटिनेट’वर येतो, ते आहे त्याच मितीत जोडतं. त्याला नवी मिती हवी असते, म्हणजे ‘स्टॅक’ हवं असतं. तो शब्द त्याला ठाऊक नाही, पण त्याच पानावर, एका ओळीच्या खुलाशासह तो वाट पाहत असतो. हे शेजारी यंत्राला सुचत नाहीत. एका क्लासमधल्या मेथड्स एकमेकींच्या शेजारी मांडणं यंत्राला जमतं. कोणती दोन फंक्शन्स लोक एकमेकांऐवजी वापरून फसतात, हे सपोर्टला बसलेल्या माणसाला माहीत असतं. आमचे निम्म्याहून जास्त ‘हेही पहा’ त्या जळगावच्या मुलाने सांगितलेले आहेत.

पान लहान असावं की मोठं, यावर आमच्यात पुष्कळ वाद झाले. मला तो प्रश्न आता दुय्यम वाटतो. पायथनच्या मूळ टाइप्सचं पान भलं मोठं आहे, त्यात स्ट्रिंगच्या सगळ्या मेथड्स एकाखाली एक. कंट्रोल-एफ दाबून लोक आनंदाने वापरतात, कारण प्रत्येक मेथडला आतला पत्ता आहे.

विरोध झाला. आमच्या एका ज्येष्ठ इंजिनिअरचं म्हणणं, आज ईएमआय घातलं, उद्या प्रत्येक ग्राहकाची बोलीभाषा घालाल, आणि रेफरन्सचा काटेकोरपणा जाईल. त्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. रस्ट या भाषेने यावर चांगला तोडगा काढलाय. नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या १.४८ व्हर्जनपासून तिथे फंक्शनला उपनावं जोडता येतात. ती पानाच्या मजकुरात मिरवत नाहीत, फक्त सर्चला कळतात. फाइल काढण्याच्या फंक्शनचं नाव तिथे ‘रिमूव्ह_फाइल’ आहे, पण ‘अनलिंक’ टाकलं तरी सर्च तिथेच नेतो. आम्हीही तसंच केलं, आणि एक अट घातली: उपनाव लॉगमध्ये किंवा तिकिटात कोणीतरी खरोखर वापरलेलं असलं पाहिजे. टेबलाशी बसून सुचलेली उपनावं घेत नाही.

वर्गीकरण मी टाकून दिलेलं नाही. काय हवंय ते माहीत असलेल्याला सर्च पुरतो. पण काय काय आहे ते पाहायला आलेल्या नव्या माणसासाठी गट लागतातच. पँडाज या लायब्ररीच्या रेफरन्समध्ये ‘डेटाफ्रेम’ या तक्त्याच्या ढीगभर मेथड्स कामानुसार लावल्या आहेत. हरवलेल्या किमती हाताळायच्या मेथड्स एका गटात, त्यात त्या ओळखणाऱ्या, भरणाऱ्या, गाळणाऱ्या. वर्णानुक्रमात त्या तीन टोकांना गेल्या असत्या. अशा गटाच्या पानावर मी पूर्वीसारखीच खूश होते. फक्त तेच मुख्य दार आहे असं आता समजत नाही. शोधयंत्रातून येणाऱ्याला कुठलंही पान पहिलं असतं.

हल्ली अनेकजण मॅन्युअल न उघडता चॅटबॉटला विचारतात, मग हे सगळं कशाला, असं मला विचारलं जातं. माझा अनुभव उलट आहे. ही साधनं कधीकधी अगदी आत्मविश्वासाने अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचं नाव सांगतात. ऐकायला पटेल असं, लायब्ररीच्या वळणाचं. मग ते नाव हातात घेऊन प्रोग्रॅमर आमच्या सर्चमध्ये येतो. आमच्या शून्य निकालांच्या यादीत आता असली नावं वरचेवर दिसतात. त्यातल्या काहींसाठी आम्ही पानं केली आहेत: असं फंक्शन नाही, तुम्हाला बहुधा अमुक हवंय. पीएचपीच्या मॅन्युअलवाल्यांना हे चॅटबॉटच्या कितीतरी आधी सुचलं होतं, आणि मी त्यांना हसत होते.

तुमच्या हातात एखाद्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन असेल आणि ते सापडायला अवघड आहे अशी तक्रार असेल, तर डावीकडचं झाड नव्याने रचण्याची बैठक लावण्याआधी सर्चमधल्या शून्य निकालांची यादी मागवा, आणि ती वाचायला सपोर्टच्या माणसाला शेजारी बसवून घ्या. लॉग ठेवलाच जात नसेल, तर आजपासून ठेवायला सांगा.